जुळत नाही, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच, का?

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये मी लॉजिकल रीझनिंग शिकवायचो. एमबीएच्या प्रवेश परीक्षेची मुलं. कर्तव्याचे प्रश्न — 'अमुक आपला आहे, म्हणून त्याच्यासाठी तमुक केलंच पाहिजे' — असले युक्तिवाद मी चुटकीसरशी मोडून दाखवायचो. 'आहे'वरून 'पाहिजे' निघत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य.

एकदा सरावाला मीच एक प्रश्न तयार करून दिला. बहिणीच्या किडन्या निकामी झाल्यात, भावाची जुळते, म्हणून भावाने ती दिलीच पाहिजे — यात दोष कुठे? मुलांनी दोष बरोबर पकडला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तेवढ्यात घोटीहून येणारी एक अबोल मुलगी म्हणाली, "सर, युक्तिवाद कच्चा आहे, मान्य. पण म्हणून द्यायची नाही, असं थोडंच सिद्ध होतं?"

बरोबर आहे, म्हणालो. आणि तास तिथेच सोडला.

ती बहीण माझी ताई होती. विंचूरला दिलेली. आई गेली तेव्हा शाळा सोडून माझे डबे करणारी. त्या तासाच्या काही वर्षं आधी तिच्यासाठी माझी तपासणी झाली होती. जुळत होती — हो, जुळत होती. माझं लग्न ठरलेलं, आणि मी घाबरलो. दुसरं काही नाही, घाबरलो. डॉक्टरांना एकट्याला गाठून म्हणालो, मला द्यायची नाही, पण घरी कळू देऊ नका. त्यांनी होकारार्थी मान हलवली. बाहेर बाकावर भावोजी बसले होते. त्यांना सांगितलं, जुळत नाही.

ताई डायलिसिसला नाशिकला यायची, तिथून माझ्याकडे जेवायला. दिवसेंदिवस सुकत गेली. एकदा, माझा पडलेला चेहरा पाहून म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नको. जुळली असती तर तू दिलीच असती, मला काय ठाऊक नाय का?"

मी काय म्हणालो असेन? हो म्हणालो.

त्यानंतर काही महिन्यांत ती गेली.

भावोजी आता थकलेत. कुणी पाहुणे आले, ताईचा विषय निघाला की सांगतात — मेहुणा तयार होता हो, पण नशिबातच नव्हतं. मी समोरच बसलेला असतो. ऐकून घेतो.