रिकामं भांडं

डोळखांबकडच्या एका पाड्यावर, एका म्हातारीच्या अंगणात आमच्या हवामान ऑफिसचा पर्जन्यमापक होता. दर सोमवारी मी त्यातली बाटली न्यायचो, दुसरी ठेवायचो. म्हातारी मला ‘पावसावाला’ म्हणायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर आमचं अंदाज वर्तवणारं मॉडेल कोरडं हवामान दाखवत होतं आणि बाटली मात्र भरलेली. ऑफिसात मॉडेलवाल्यांची आणि माझी चांगलीच जुंपली.

एका सोमवारी मी आधीच्या एसटीनं पोचलो, तर म्हातारी तांब्यानं बाटली भरत होती.

“आजी, हे काय?”

तिनं उरलेला तांब्या शांतपणे तुळशीत ओतला. “एवढ्या लांबून येतोस. रिकामं भांडं परत देतात का रे? बरं नाय दिसत.”

आता मी बाटलीसोबत एक डबाही ठेवतो. बाटली कोरडी निघते. डब्यात कधी चिंचा, कधी नाचणीची भाकरी. तो अंदाज मॉडेलला अजून जमलेला नाही.