अर्धा टँकर

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. पडेगावातल्या त्या पत्र्याच्या दोन खोल्यांत कस्तुराबाई नळी धरून एकेक ड्रम भरत होती आणि सूर्यभान खाटेवर बसून ताठ झालेल्या उजव्या पायाला तेल चोळत होता. तेवढ्यात दार वाजलं.

"या येळेला कोण कडमडलं," म्हणत तिनं नळी ड्रमात सोडली नि कडी काढली.

दारात कृष्णा, आप्पासाहेबांचा थोरला. दुष्काळात आप्पासाहेबांचे पाण्याचे टँकर चालायचे, त्यातला एक सूर्यभानकडे होता. तो पलटी झाला, पाय कामातून गेला, त्याला आठ वर्षं झाली. एवढ्या काळात त्या घरातलं कुणी हा उंबरा चढलं नव्हतं.

कृष्णानं क्रांती चौकात गेम बनवायचं ऑफिस थाटलं होतं. लॅपटॉप उघडून, टीपॉयला खेळण्यातलं वाटावं असं स्टीअरिंग आवळत तो म्हणाला, "काका, बिडकीनच्या माळावरचा तुमचाच रस्ता घेतलाय. वाडीवर वेळेत पाणी पोचवायचं. पण खेळणारे दोन डावांत कंटाळतात. तुम्ही चालवून सांगा, काय कमी पडतंय."

"पायानं नाय जमायचं मला."

"गॅस हाताखालीच आहे. ही पट्टी."

सूर्यभाननं चाक धरलं. जिथं आता कारखान्यांच्या भिंती आहेत, तिथं पडद्यावर मोकळा माळ होता. धूळ उडाली, खडी खडखडली, आणि त्याचे खांदे आपोआप कलले. मधूनच लॅपटॉपातून एक माणूस इंग्रजीत काहीबाही बोलत होता.

"ह्यो कोण?"

"पुढचं वळण सांगतो, काका. मोटारींच्या रॅलीत ड्रायव्हरशेजारी बसून एकजण नकाशा वाचतो."

"नकाशा म्हणं," मोरीपाशी कस्तुराबाई हसली. "वावटळीत काच दिसंना तवा मी बसायची यांच्या शेजारी. डाव्या अंगाला बाभळ, मंग उतार, मंग धोंडा. मेंढरं हाकून हाकून पाठ झालता माळ."

"मला म्होरचं काय दिसायचं नाय, तरी हात वळायचे," सूर्यभान म्हणाला. "मजा त्यातच हाय, कृष्णाभाऊ. पर तुमची टाकी भरल्याली हाय. भरला टँकर म्हशीवाणी गुमान चालतो. पाणी अर्धं करा."

कृष्णानं आकडा बदलला. तेच वळण आलं. चाक डावीकडं गेलं, पाणी उजवीकडं आदळलं, नि क्षणभर उशिरानं परत आलं. मागची चाकं घसरली. सूर्यभाननं उलटं वळवलं, गॅस सोडला, पुन्हा दिला, गाडी सावरली. कितीतरी दिवसांनी त्याचे दात दिसले.

"बघा. गाडी वळली तरी पाणी वळत नाय. दर वळणाला त्याच्याशी भांडावं लागतं."

"जबरदस्त, काका." कृष्णानं चाक स्वतःकडं घेतलं आणि पहिल्याच वळणावर टँकर पालथा केला. लाल अक्षरं आली: चालकाची चूक. त्यानं एक बटण दाबलं. टँकर उभा राहिला.

"असा उभा ऱ्हातो व्हय," सूर्यभान म्हणाला.

"पण अर्धाच टँकर वाडीवर कोण नेईल? लोक विचारतील की."

ड्रम भरून वाहत होता. कस्तुराबाईनं नळी काढली नाही.

"तुमच्या वडलांना इचारा. निम्मं पाणी हितंच बिल्डिंगीच्या कामावर रिचवायचं, उरल्यालं वाडीला. त्या दिवशीबी मी वळण येळेवर सांगितलं, यांनीबी येळेवर मारलं. जबाबात मातर टाकी भरल्याली आन डायवर प्यालेला. यांनी उभ्या जन्मात च्याबिगर काय प्यालं नाय."

कृष्णाची बोटं चाकावरच राहिली. "मला नव्हतं माहीत, काकू. मी पप्पांना..."

"नका इचारू," सूर्यभान म्हणाला. "लिव्हलेला जबाब काय बदलत नसतो." त्यानं पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेवर घेतला. "गेम चांगला हाय. रस्ता घ्या, पाणी अर्धं ठेवा. माझं एकच काम करा. टँकर पलटला की ते 'चालकाची चूक' येतं, तेवढं काढून टाका."