चिठ्ठी निघेल ती बाजू

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही हो. स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्याच्या पुढच्या खोलीसमोर असली आणि कान शाबूत असले की ते आपोआप साठतात, माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवतही नाहीत आणि कुणी मागायलाही येत नाही. मी आपली अधूनमधून खाली काढते, पुसते, परत ठेवते.

माझी खिडकी शेवाळे सरांच्या खोलीसमोर. साताऱ्यात आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर त्यांच्याकडं आला, नव्वदीची दोन-तीनच वर्षं उरली होती तेव्हा. गल्लीत फोनही मोजक्यांकडं, आमच्याकडं नव्हता. भावाला, नणंदेला सगळ्यांना मी सरांचाच नंबर दिलेला, पुढं 'पीपी' लिहून. त्यामुळं फोनची वाट बघत मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले तर कुणाला नवल वाटायचं नाही. सरांच्या मिसेस म्हणायच्या, "शालनताई, तुमचा फोन यायच्या आधी तुम्हीच येता!"

सर हायस्कूलला शिकवायचे. त्यांचे एक मित्र सांगलीच्या एका शाळेत. दोघांनी ठरवलं, की ज्या विषयांवर मोठी माणसं भांडतात त्यांची माहिती पोरांनी काढायची, इंटरनेटवर शोधायची, माणसांना विचारायची आणि मग सातारा विरुद्ध सांगली असा ई-मेलवर वाद घालायचा. दर रविवारी सकाळी.

नियम दोनच. कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठी टाकून ठरणार. आणि पुढच्या रविवारी बाजू बदलायची! एका बाजूनं जो तोंड उघडेल, त्यानं दुसऱ्या बाजूनंही बोलल्याशिवाय विषय मिटायचा नाही. चिठ्ठ्या सरांच्या आईच्या पानाच्या डब्यात. ई-मेलसाठी मराठी इंग्रजी अक्षरांत टायपावं लागे, म्हणून तेच लिखाण मग सुवाच्य मराठीत शाळेच्या फलकावर लावायचे, खाली लिहिणाऱ्याचं नाव.

आमच्या बाजूनं पोरं तीन. गणपती मंडळाच्या अध्यक्षांचा प्रवीण, मागच्या गल्लीतला मिलिंद कांबळे, आणि नंदा. नंदा मेढ्याकडची, इथं आत्याकडं राहून शिकणारी. वडील फौजेतून सुभेदार होऊन शेतीवर परतलेले. तिला दहावीनंतर सायन्स घ्यायचं होतं. सुभेदारांच्या मनात मात्र पक्कं होतं, परीक्षा झाली की उन्हाळ्यात बार उडवायचा. मुलगाही ठरल्यातच जमा, त्यांच्या फौजेतल्या मित्राचा. नंदा याबद्दल कुणाशी बोलायची नाही. मला आत्यानं आपणहून सांगितलं. म्हणजे, मी विचारलं आणि तिनं आपणहून सांगितलं.

*

पहिलाच विषय: गणपतीत लाऊडस्पीकर असावा का? चिठ्ठी प्रवीणनं उचलली. निघालं 'नसावा'!

पोरगं रडकुंडीला आलं. घरात स्पीकरच्या पेट्या, वडील अध्यक्ष. पण नियम म्हणजे नियम. मग बिचारा गल्लीभर विचारत फिरला. कोपऱ्यावरच्या आजोबांना छातीचा त्रास, मागच्या घरात तान्हं बाळ, वरच्या माळ्यावर परीक्षेची पोरं. त्यानं असं काही लिहिलं, की सांगलीची पोरं हरली. 'तुमचा मुद्दा मान्य,' असा ई-मेल आला. सरांनी पेढा दिला.

त्या वर्षीचा गणपती बसला आणि पहिल्याच संध्याकाळी गल्ली हादरली. सर खिडकीतून ओरडले, "अरे प्रवीण! तूच लिहिलं होतंस ना? तुला पटलं होतं ना?"

"पटलंय की सर!" प्रवीण पेटीवर बसूनच ओरडला, "पर आवाज कमी केला तर मंडळाला वाटंल, आमी सांगलीला भिलो!"

*

इंटरनेट लागलं की फोन एंगेज, ही गोष्ट मला माहीत. कऱ्हाडच्या माझ्या भावाला, बाळूला, कशी माहीत असणार? एका रविवारी त्यानं सकाळपासून फोन फिरवला. एंगेज. परत एंगेज. त्याच्या मनात नाही नाही ते आलं आणि गडी सरळ एसटीत बसला.

मी भजी तळत होते. दारात घामाघूम बाळू! "आगं, काय झालंय काय? कोण गेलं?"

"कुणी न्हाई गेलं. सांगलीशी बोलणं चाललंय," म्हटलं, आणि त्याला सरांच्या खोलीत नेऊन बसवलं. नेमका त्या दिवशीचा विषय होता, बापाच्या जमिनीत मुलींना वाटा द्यावा का. नंदा वाचत होती, "भावाच्या प्रेमापोटी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. पण भाऊ बहिणीच्या प्रेमापोटी अशी सही करतो का?"

मी बाळूकडं बघितलं नाही. देवाशपथ बघितलं नाही. खोलीतले बाकी सगळे मात्र बघत होते. माझी सही त्याच्याच कपाटात आहे, हे गल्लीत कुणाला माहीत नाही, असं मला वाटत होतं!

बाळू उठला, चपला शोधायला लागला आणि पुटपुटला, "फोन एंगेज हुता तेच बरं हुतं."

*

मोठी धरणं बांधावीत का, हा विषय आला तेव्हा पोरं इंटरनेटवर शोधत बसली. एकेक चित्र वरून खाली उतरायचं, पडदा हळूहळू सोडावा तसं. कुठल्या कुठल्या देशांतली धरणं. सर म्हणाले, "अरे, आपल्या पाटणकडं कुणाला विचारलंत का?"

नंदानं माझ्याकडं बघितलं. "काकू, तुमचं माहेर तिकडचंच की."

माझं माहेर पाण्याखाली आहे. मी लहान होते तेव्हा गाव उठलं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. आईनं निघताना चूल सारवली होती. उद्या जिथं पाणी येणार, तिथली चूल! वडील म्हणाले, "आगं, आता कशाला?" आई म्हणाली, "घाण चूल टाकून जाऊ व्हय?" सांगलीचं उत्तर त्या दिवशी उशिरा आलं.

पुढच्या रविवारी मी फोनची वाट बघायला गेले, तर सरांनी खुर्ची पुढं केली. "शालनताई, आता दुसरी बाजू."

"कसली दुसरी बाजू?" मी म्हटलं, "बुडालेल्या गावाला दुसरी बाजू असती व्हय?"

"नियम आहे काकू," मिलिंद म्हणाला. हसत नव्हता.

मग बसले. डोक्यावर पंखा फिरत होता, समोर कॉम्प्युटरचा उजेड. शेवटी म्हटलं, "लिही. आमच्या नव्या गावात लाईट आली तेव्हा माझी आई रात्रभर बटण खालीवर करत होती." आईशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. पण सांगितलं.

सांगलीच्या एका मुलीचा ई-मेल आला. 'आमच्या उसाला नदीचं पाणी येतं. ते कुणाच्या चुलीवरून येतं, हे माहीत नव्हतं.'

मी सरांना म्हटलं, एवढं एक मला कागदावर काढून द्या. अजून आहे.

*

आरक्षणाचा विषय सरांनी घ्यावा की नाही, यावर त्यांच्या घरातच दोन दिवस वाद झाला. शेवटी घेतला, आणि या वेळी दोन्ही गावांत दोन्ही बाजूंना एकेक पोर उभं करायचं ठरलं. चिठ्ठ्या निघाल्या आणि सरांचाच चेहरा पडला. प्रवीणला 'असावं' आणि मिलिंदला 'नसावं'.

"मिलिंद," सर हळू आवाजात म्हणाले, "या वेळी चिठ्ठी बदलूया. एवढा एक अपवाद करू."

"नको सर," मिलिंद म्हणाला. "या बाजूचे सगळे मुद्दे मला पाठ हायेत. शोधायलाबी लागणार न्हाईत. वर्गात रोजच ऐकतो."

प्रवीणचं मात्र अडलं. 'असावं' म्हणून लिहायचं तर काय लिहायचं? म्हणून तो मिलिंदच्या घरी माहिती विचारायला गेला. चहा झाला. मिलिंदच्या आज्यानं गावातल्या पाणवठ्याच्या गोष्टी सांगितल्या, छप्पन्न साली बौद्ध झाल्यावर घरातले देव कसे उतरवले ते सांगितलं. प्रवीण उठताना म्हणाला, "मावशी, आमचं घर मागच्याच गल्लीत हाय. पर मी पहिल्यांदाच आलो बघा तुमच्याकडं."

मिलिंदची आई कपबशा उचलत म्हणाली, "व्हय की. मिलिंद मातर तुमच्या दारापात्तर लय येळा आलाय."

प्रवीणनं हे वाक्य जसंच्या तसं सांगलीला पाठवलं. खाली स्वतःचं काही लिहिलं नाही.

*

आणि मग तो विषय आला. सांगलीनंच सुचवला होता, त्यांना काय माहीत! दहावीनंतर मुलीचं लग्न करावं का?

नंदानं डब्यात हात घातला. चिठ्ठी उघडली. 'करावं.'

मी खिडकीतून तिचा चेहरा बघत होते. वाटलं, आता ही चिठ्ठी टाकून पळणार. पण तिनं घडी घातली, ओंजळीत धरली आणि म्हणाली, "लिहिते सर."

आणि काय लिहिलं पोरीनं! शिकलेल्या मुलीला तितका शिकलेला मुलगा शोधावा लागतो, बापानं कुठंवर पुरं पडायचं. मुलगी शहरात एकटी राहिली की आईबापाला घास गोड लागत नाही. वेळेवर दिलेली मुलगी सासरी लवकर रुळते. सांगलीची पोरं चारी मुंड्या चीत. सरांनी ते फलकावर लावलं, खाली नाव: नंदा यशवंत पवार.

तीन-चार दिवसांत सुभेदार आले. धोतर नाही, फौजी पँट, कडक मिशा, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मागं नंदाची आई. त्या आत येईनात. उंबऱ्यालगत टेकल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी फोनची वाट बघत होतेच.

"सर, तोंड गोड करा!" सुभेदारांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. "आमी दोघं शाळंत गेल्तो. भिंतीवर वाचलं. पोरगीनं सोताच्या हातानं लिवलंय, लगीन करावं म्हणून! म्या उगं भीत हुतो, तिच्या मनात काय हाय म्हणून. आजच पावण्यांकडं निरोप धाडतो."

सरांना घाम फुटला. नंदा कॉम्प्युटरजवळ उभी, मान खाली. शेवटी मीच तोंड उघडलं, माझ्याच्यानं राहवतंय थोडंच! "सुभेदार, आवं हितं चिठ्ठी निघती, त्या बाजूनं लिवायचं असतं. मनातलं न्हाई काय ते."

सुभेदारांचा पुडा तसाच पुढं. "म्हंजे ते खोटं लिवलंय?"

"खोटं न्हाई आप्पा," नंदा म्हणाली. "समदं तुमचंच हाय. तुमी घरात बोलता तेच लिवलं."

"मग तुजं कुठं हाय?"

"ते रविवारी. बाजू बदलल्यावर."

सुभेदार खाली बसले. मला वाटलं आता भडका उडणार. मिलिंद तेवढ्यात हळूच म्हणाला, "सर, बोलणं जर काकांचं असंल, तर नियमानं दुसरी बाजूबी काकांनीच सांगायला पायजे." धरणाच्या वेळी नियमानं मलाही सोडलं नव्हतं, हे त्यानं वर सांगितलं.

"कसला नियम?" सुभेदारांनी विचारलं. सरांनी समजावून सांगितला. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "रूल हाय?"

"रूल आहे."

"मग येतो. रविवारी."

पेढे तसेच राहिले. कुणी उघडले नाहीत.

रविवारी पहिल्या गाडीनं दोघं हजर. गल्ली खिडक्यांत, मी आत, फोनची वाट बघत. सुभेदार खुर्चीत ताठ, परेडला बसवल्यासारखे. नंदाची बोटं टायपायच्या पट्टीवर. आई त्याच जागी, उंबऱ्यालगत, पिशवी मांडीवर. सरांच्या मिसेसनी दोनदा आत बोलावलं, दोनदा त्यांनी नुसती मान हलवली.

"लिव," सुभेदार म्हणाले. "मुलीचं लगीन दहावीनंतर करू न्हाई."

टकटक झाली. थांबली.

"आप्पा, कारण लिवावं लागतं. नुसतं चालत न्हाई."

सुभेदार कॉम्प्युटरकडं बघत राहिले. मग भिंतीकडं. मग पायाकडं. माझ्या गॅसवर दूध होतं, ते उतू गेल्याचा वास आला. गेले नाही.

"लिव," ते म्हणाले. आवाज गल्लीत काय, उंबऱ्याच्या पलीकडंसुद्धा पोचला नसता, एवढा बारीक. "कारण, तिच्या आईचं असंच शाळंतनं काढून केलं हुतं."

नंदाची बोटं वरच राहिली. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

मग उंबऱ्यापाशी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"लिव की गं," नंदाची आई म्हणाली. "थांबलीस का?"