कोन किती?

डॉक्टरांनी माझी करंगळी धरून मागे दाबली. ती पार मनगटाकडे वळली. भोवतीचे शिकाऊ डॉक्टर पुढे सरकले.

“बघा, रबर!” डॉक्टर म्हणाले. सगळे हसले.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचे. कांड्यांची पेटी उचलली की उजवा खांदा निखळायचा. मीच तो दाबून बसवायचे, पुन्हा कामाला लागायचे. मुकादम म्हणायचा, “नाटक मत कर. डॉक्टर की चिठ्ठी ला.” चिठ्ठी नाही तर पेटी उचल, नाहीतर घरी बस. म्हणून मुंबईचे मोठे डॉक्टर दवाखान्यात येणार त्या दिवशी मी खाडा केला.

खांदा राहिला बाजूला. अंगठा मनगटाला टेकवायला लावला. गुडघा मोजायचा म्हणून त्या सगळ्या पुरुषांसमोर लुगडं वर घ्यायला लावलं. मग कोपराला मोजायची पट्टी लावून डॉक्टरांनी विचारलं, “कोन?”

माझं गाव कोन. मला वाटलं, तेच विचारतायत.

“हां, कोनचीच हाय मी. कल्याण रोडवरच्या.”

हशा पिकला. “अगं, कोन म्हणजे अँगल!” एकजण म्हणाला. माझी कानशिलं तापली. चौथी शिकले होते मी, कोन मला माहीत होता. पण तो प्रश्न शिकाऊ डॉक्टरांना होता; इथे कुणी काही विचारलं तर ते माझ्याबद्दलच असेल असं मी धरून चालले. चूक झाली ती एवढीच.

“आता वाक. गुडघे ताठ, तळवे जमिनीवर.”

वाकले. पुन्हा वाकले. मागच्यांना दिसलं नाही म्हणून तिसऱ्यांदा.

“लवचिकपणाचे नऊपैकी नऊ गुण!” डॉक्टर खूश. “सर्कशीत जा तू.”

“साहेब, चिठ्ठी?”

“कसली? तुला काही झालेलं नाही. फोटोसाठी एकदा वाक.”

संताप संताप झाला.

“न्हाय वाकत. खांदा दुखतो माझा. त्याला कुनी हात पन लावला न्हाय.”

 मी चपला घातल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने पेटीकडे बोट केलं. मी म्हटलं, “नहीं उठाऊँगी.”

“चिठ्ठी किधर है?”

“मैं बोल रही हूँ ना.”

काम गेलं. त्या डॉक्टरचा राग अजून येतो, आणि तीनदा वाकले म्हणून माझा स्वतःचाही. पण माझं दुखणं खरं की खोटं, हे आता मीच सांगणार. कुणाला पटो न पटो. ते पटवायला हे अंग पुन्हा कुणापुढे वाकवणार नाही.