छबूबाईंच्या आडातले गप्पी मासे

बेलापूरजवळच्या एका वस्तीवर छबूबाईंच्या घरामागे दगडी बांधणीचा जुना आड आहे. दारात नळ आला तरी डाळ आडाच्याच पाण्यात मऊ शिजते, असं छबूबाईंचं ठाम मत. "डाळ कुकरमध्ये शिजते आई, आडात न्हाई," असं सून मोनिका म्हणते. छबूबाईंना अशा वेळी नेमकं कमी ऐकू येतं.

दोन वर्षांपूर्वी निकिता नावाची मुलगी त्या आडापाशी आली. जमिनीखालच्या पाण्यात कोणते जीव राहतात याचा अभ्यास करायला ती तालुक्यातल्या विहिरी धुंडाळत होती. तिच्याकडे तलम कापडाची जाळी होती, खालच्या टोकाला बाटली लावलेली. जाळी दोरीने तळापर्यंत सोडून तिने ती हळूहळू वर काढली. बाटलीत तांदळाच्या कणीएवढे पांढरे जीव वळवळत होते. कोळंबीच्या जातीतले, पण एकालाही डोळे नव्हते.

छबूबाई मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या. आत चहा उकळत होता, तोही याच पाण्याचा. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"बाई, हे कुनाला सांगू नका. लोक म्हनतील, हिच्या पान्यात किडे हायेत."

"मावशी, हे घाणीत जगतच नाहीत," निकिता म्हणाली. "खडकातल्या भेगांमधून झरा येतो ना, त्यात राहतात. इतक्या विहिरी पाहिल्या, पण हे फक्त तुमच्या आडात सापडले. दुसरीकडे कुठेच नाहीत."

"आमच्या जाऊबाईंच्या विहिरीत?"

"तिथेही नाहीत."

दार उघडलं. चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडूही आला.

तेव्हापासून छबूबाई आडाच्या राखणदार झाल्या. काठावर भांडी घासायला बंदी, कपड्यांना बंदी. नवरा मच्छिंद्र एकदा फवारणीचा पंप घेऊन आडापाशी धुवायला बसले, तर त्यांना पंपासकट बांधापर्यंत पिटाळलं.

"इतकी राखन माझी कधी केली न्हाईस," मच्छिंद्र म्हणाले.

"तुमच्यासारखे गावोगाव सापडतात," छबूबाई म्हणाल्या.

यंदा पावसाळ्यात वस्तीवर डेंग्यूचा ताप फिरला. आरोग्यसेवक ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन आला. छबूबाई आडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"पावडर टाकायची न्हाई. आत जीव हायेत."

"डासांच्या अळ्याही आहेत काकू. पावडर नको तर गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात."

हे छबूबाईंना लगेच पटलं. त्यांच्या माहेरीही विहिरीत मासे सोडायची रीत होती. मासे फिरतात ते पाणी जितं, असं त्या ऐकतच वाढल्या होत्या. त्यांनी काठावर हळदीकुंकू वाहिलं आणि आरोग्यसेवकाने आणून दिलेल्या बाटलीतले मासे स्वतःच्या हाताने बादलीतून खाली सोडले. मग निकिताला फोन लावला, जरा ऐटीतच.

"पावडर टाकू दिली न्हाई बरं का. गप्पी सोडले."



"मावशी," पलीकडून निकिता म्हणाली, "गप्पी लहान दिसेल ते खातात. अळ्याही खातील आणि आपले जीवही. आणि ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. वाढायला वेळ लागत नाही. मी उद्याच येते."

छबूबाई फोन मांडीवर ठेवून ओट्यावर बसल्या. दुसरीकडे कुठे सापडत नाहीत म्हणून ज्यांना जपलं, त्यांच्याच शेजारी त्यांना खाणारे आपण नेऊन बसवले. मोनिकाने ताट वाढलं ते तसंच झाकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी निकिताने जाळी सोडून पाहिली. जाळी दिसली की मासे दगडांच्या सांदीत पसार. मोनिका काही वेळ बघत राहिली आणि मग पदर खोचून पुढे आली. ती पुणतांब्याची, गोदावरीच्या काठची.

"आमी नदीत ओढणीनं मासे धरायचो. आई, तुमचं एक जुनं लुगडं द्या, विरलेलं."

लुगडं दुमडून चौकोन केला, चार कोपऱ्यांना चार दोर बांधले, मधे दगड ठेवला. चार जणांनी चार बाजूंनी ते अलगद पाण्याखाली सोडलं आणि वर भाकरीचा चुरा टाकला. मासे वर येऊ लागले.

"आता?" छबूबाईंनी विचारलं.

"थांबा."

छबूबाईंनी ओढलंच. लुगडं कलंडलं, मासे निसटले.

"आई, तुमाला दम न्हाई," मोनिका म्हणाली. "मी सांगीन तवाच ओढायचं."

"ऐक आता सुनेचं," मच्छिंद्र दोर धरून हसले. पुढच्या खेपेला छबूबाई सुनेच्या तोंडाकडे बघत मुकाट उभ्या राहिल्या. मोनिकाने मान हलवली आणि चारी दोर एकदम उचलले गेले. लुगड्यात मासे तडफडत होते.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हेच चाललं. काढलेले मासे गोठ्याच्या हौदात गेले, तिथे त्यांच्या पोटाला भरपूर अळ्या होत्या. हळूहळू एकही मासा वर येईना. भाकरीचा चुरा तरंगून तरंगून भिजायचा आणि बुडायचा. आडाच्या तोंडावर बारीक जाळी घट्ट ताणून बसवली, म्हणजे डासच आत शिरायला नको. आरोग्यसेवकाने ती ओढून पाहिली, मान डोलावली आणि पावडरचा डबा उचलून पुढच्या घरी गेला.

पण आत काही उरलंय का, हे कुणालाच माहीत नव्हतं. काही दिवस जाऊ देऊन निकिता पुन्हा आली आणि आडावरची जाळी एका बाजूने सोडवून तिने आपली बाटलीची जाळी खाली सोडली. पहिल्या खेपेला बाटलीत नुसती बारीक रेती आली. छबूबाई तोंड फिरवून तुळशीची पानं खुडत बसल्या. निकिताने दुसऱ्या बाजूला, झऱ्याच्या अंगाला जाळी सोडली. वर काढली, बाटली उजेडात धरली, भिंगातून पाहिलं.

"मावशी, इकडे या."

छबूबाई आल्या. भिंग कसं धरायचं ते त्यांना जमेना, निकिताने हात धरून दाखवलं. दोन-तीन पांढरे जीव पाण्यात फिरत होते. त्यातल्या एकीच्या पोटाशी मोहरीहूनही बारीक ठिपके चिकटलेले होते.

"ती अंडी आहेत," निकिता म्हणाली.

छबूबाईंनी डोळे पदराने पुसले आणि मग लगेच आवाज चढवला.

"अगं, पोटुशी हाय ती. अन् तू तिला बाटलीत ताटकळत ठेवलीस? सोड आधी."

निकिताने बाटली बादलीत रिती केली. छबूबाईंनी दोर आपल्या हातात घेतला आणि बादली हळूहळू, धक्का न लावता, खाली सोडली.