पाटावरची निळी कांडी

खंडेनवमीला आई घरातली हत्यारं धुऊन देवापुढे पाटावर मांडते. बाबांचे विळे, कुऱ्हाड, तिची शिवणकामाची कात्री, आणि भाऊ पुण्याला नोकरीला लागल्यापासून त्याचा लॅपटॉप. यंदा तिने त्याची बॅग स्वतःच उघडली आणि लॅपटॉपशेजारी बोटाएवढी निळी कांडीही ठेवली. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

"हे बी तुह्या कॉम्प्युटरचंच हाये ना, बाबू?"

"हाव," भाऊ म्हणाला.

मी मेहकरला कॉलेजात शिकवते. असल्या कांड्या पोरांच्या हातात पाहिल्यात. ती ई-सिगारेट होती. भावाला मी मागच्या अंगणात नेलं.

"ताई, याच्यात तंबाखू नाई राहत. आंब्याचा वास येते फक्त. रूमवरचे सगळेच ओढतात."

"बंदी हाये ना त्याच्यावर?"

"मोबाइलवर सांगितलं का घरपोच येते."

आमच्या घरात तंबाखूचा वास म्हणजे बाबा. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन त्यांचं तोंड आता धड उघडत नाही, आई त्यांना वरणात पोळी कुस्करून देते. ते बघूनच भावाने तंबाखूला कधी हात लावला नाही, आणि आम्ही चारचौघांत त्याचं कौतुक करत आलो. तंबाखूची किळस असलेल्या पोरालाही गिऱ्हाईक करता येतं, हे विकणाऱ्याला बरोबर कळलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"सवय लागली काय तुले?"

"नाई, ताई. मनात आलं तं आज सोडीन."

पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मला बरंच वाटलं, एक दिवस तरी सुटेल. पण दुपारी त्याने अर्धं ताट सोडलं, बाबांवर उगाच खेकसला, सारखा देवघरात डोकावत राहिला. चहाच्या वेळी आईजवळ गेला.

"आई, थे निळं पाह्यजे होतं. ऑफिसचं काम आलं."

आईने ही रीत कुणासाठी मोडली नव्हती. "घे मंग," ती म्हणाली, "पण पाया पडून घे."

तो वाकला, पाटाला कपाळ टेकवलं, कांडीवरचं कुंकू अंगठ्याने पुसलं आणि गच्चीवर गेला. मला रडू आवरेना, म्हणून मी तोंड फिरवलं.

"सणालेही सुटी नाई पोराले," आई बाबांना म्हणाली. तोंड जेवढं उघडतं तेवढं उघडून बाबा कौतुकाने हसले.