खानावळीतली कपात-सूचना

लालबागच्या खानावळीत तो रोज माझ्यासमोर जेवायला बसायचा. गिरणीतला विणकर, नाव मी कधी विचारलं नाही. आमटी पाणचट झाली की तो भाकरीचा एवढासा तुकडा मोडून, मान लववून, वाढणाऱ्या मावशींच्या हातावर ठेवायचा.

"मावशी, ही कपात-सूचना!"

हे काय, म्हणून मी विचारलंच.

"दिल्लीत मंत्री खर्चाला पैसे मागतात ना, तेव्हा खासदार म्हणतो, यातले शंभर रुपये कापा. शंभरानं काय होतंय? पण त्या निमित्तानं तक्रार मांडता येते. शेवटी वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना मंजूर!"

मावशी तुकडा परत त्याच्या ताटात टाकायच्या. "फेटाळली. गप जेव." दुसऱ्या दिवशी आमटी मात्र दाट असायची.

संयुक्त महाराष्ट्र झाला त्या दिवशी मावशींनी सगळ्यांना शिरा वाढला. आनंदाच्या भरात साखर दुप्पट पडलेली. त्यानं एक घास खाल्ला, बोटांत शिऱ्याची चिमूट धरली आणि मान लववली.

मावशींनी ती चिमूट त्याच्याच तोंडात कोंबली.

"आज वेळ संपला रे! चर्चेविना मंजूर!"